चिडक्या पोटाने केलेलं ओट्स-बार्लीचं परीक्षण

नाटकाच्या दिव्यांचा बोर्ड चालवणाऱ्या माणसाला एकच चैन परवडत नाही, मधेच उठून जाण्याची. तिसरी घंटा झाली की मध्यंतरापर्यंत मी त्या खोक्याएवढ्या केबिनमध्ये अडकलेला. समोर काच, काचेपलीकडे अंधार, आणि दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक क्यू, म्हणजे दिवे बदलायचा इशारा. अशा जागी पोटात मुरडा उठला तर काय होतं ते सांगतो. नायिका पत्र वाचायला बसते तेव्हा तिच्यावरचा दिवा बारा सेकंदांत हळूहळू चढवायचा असतो. मी तो चार सेकंदांत चढवला. हात बोर्डावर होते, पण मन पोटात. प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकाने विचारलं, "काय रे, पत्रावर वीज पडली का?"

म्हणून हे परीक्षण. धान्यांचं आहे, पण चवीला यात दुसरा नंबर. पहिला प्रश्न असा की हे खाऊन अडीच तास त्या केबिनमध्ये निर्धास्त बसता येतं का. सात-आठ महिने एकेक धान्य, एकेका रूपात, दोन-दोन आठवडे खाऊन मी वहीत नोंदी ठेवल्या. त्यांतलं कामाचं तेवढं इथे उतरवतोय.

आधी तपासण्या झाल्या, तेही सांगायला हवं. सीलिएकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्यांना इजा होते त्या आजाराची, रक्तचाचणी डॉक्टरांनी मुद्दाम करून घेतली आणि बजावलं, "ही होईपर्यंत गहू सोडू नका." गहू आधीच बंद केला तर रक्तातल्या अँटिबॉडीज उतरतात आणि आजार असूनही चाचणी कोरी येऊ शकते. माझी खरोखरच कोरी आली. बाकीही सगळं ठीक निघालं, आणि शेवटी निदान झालं आयबीएसचं, म्हणजे आतड्यांना इजा काही नाही, पण स्वभाव चिडका. निघताना सल्ला मिळाला, "फायबर वाढवा." कुठलं, किती, कशातून, हे विचारायचं मला सुचलं नाही. पुढचे तीन महिने त्या न विचारलेल्या प्रश्नाने खाल्ले.

घरी ताईने तो सल्ला ऐकला आणि लगेच अर्थ लावला. "गव्हाचा कोंडा खा. आतडी झाडून निघतील." झाडून निघाली खरी, पण खराट्याने. चौथ्या दिवशी पोट ढोलासारखं फुगलं, आठव्या दिवशी कळा. ताई म्हणाली, "सवय होईल." मी आणखी दोन आठवडे चालवलं. सवय झाली ती फक्त केबिनशेजारचं स्वच्छतागृह किती पावलांवर आहे ते मोजायची. तेवीस.

नंतर वाचताना कळलं की दोष ताईचा नव्हता, ती समजूतच जुनी आहे. नेदरलँड्समध्ये आयबीएसच्या २७५ रुग्णांवर बारा आठवड्यांचा एक अभ्यास झाला होता, तो २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. एका गटाला रोज १० ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला तेवढाच गव्हाचा कोंडा आणि तिसऱ्याला निरुपद्रवी म्हणून तांदळाचं पीठ. पहिल्या दोन महिन्यांत फरक दिसला तो इसबगोलवाल्यांना. कोंडावाल्या गटातून सगळ्यांत जास्त लोक मधेच सोडून गेले, आणि बरेचसे त्रास वाढला म्हणून. ते वाचून मला त्या अनोळखी डच मंडळींबद्दल एकदम बंधुभाव वाटला. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: आयबीएसला विरघळणारं फायबर द्या, न विरघळणारं नको.

मग काय, मी विरघळणारं फायबर शोधायला लागलो. आणि दुसऱ्या खड्ड्यात पडलो.

एका कंपनीचे चौकोनी बार मिळाले. पाकिटावर धान्यांचं चित्र, मोठ्या अक्षरांत 'विद्राव्य फायबरने समृद्ध'. चव छान, दाताला थोडा चिकट, खिशात मावणारा. प्रयोगाच्या आधी एक खाल्ला. दुसऱ्या अंकात पोटातून असे आवाज यायला लागले की शेजारी बसलेल्या ध्वनिसंयोजकाने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. "दादा, हे आपल्या ट्रॅकमधलं आहे का?" घरी येऊन पाकीट उलटं केलं. घटकांच्या यादीत ओट्स चौथ्या क्रमांकावर. दुसऱ्या क्रमांकावर चिकोरीच्या मुळाचं फायबर, म्हणजे इन्युलिन.

पाकीट खोटं बोलत नव्हतं. इन्युलिन विरघळतंच, अगदी साखरेसारखं. पण विरघळणं म्हणजे काय आणि पोटाला सोसणं म्हणजे काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मला चार पेल्यांनी शिकवलं.

प्रयोग सोपा आहे, घरात कोणीही करू शकतो. काचेचे चार पेले घेतले, प्रत्येकात सारखंच कोमट पाणी. एकात चमचाभर गव्हाचा कोंडा, दुसऱ्यात इन्युलिनची पूड, तिसऱ्यात ओट ब्रॅन म्हणजे ओट्सचा कोंडा, चौथ्यात इसबगोल. ढवळलं आणि वीस मिनिटं तसेच ठेवले. कोंडा थोडा वेळ तरंगला, मग तळाशी बसला. वरचं पाणी जरा पिवळसर झालं, पण पाणी ते पाणीच. चमचा फिरवला की कण पुन्हा भुश्यासारखे गिरक्या घ्यायचे. इन्युलिन गायब. पेल्यात काही घातलंय हे जीभ लावल्याशिवाय कळेना, आणि जीभ लावली तर किंचित गोड. ओट ब्रॅनचं पाणी ढगाळ झालं, बोटांना बुळबुळीत लागायला लागलं, चमच्यावरून थेंब सुटताना शेपटी काढून सुटायचा. इसबगोलचा तर पेला तिरका केला तरी आतला गोळा हलायला तयार नाही.

कागदावर या चौघांचं एकच नाव, फायबर. त्यातली तीन तर 'विरघळणारी' म्हणून एकाच रांगेत. पण पेल्यात बघाल तर तीन वेगळी माणसं.

झालं काय तर, कोंड्याचे जाडसर कण आतड्याच्या अस्तराला घासतात, अस्तर त्याला उत्तर म्हणून पाणी आणि श्लेष्मा सोडतं, आणि त्याने पोट हलतं. ज्याचं अस्तर मुळातच हळवं, त्याला ही खरवड महागात पडते. इन्युलिनचे रेणू लहान. त्यांचं जेल होत नाही, लहान आतड्यात ते पचत नाहीत, आणि मोठ्या आतड्यात पोचले की जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. झटपट आंबवण, झटपट गॅस. निरोगी पोटाला हे चालतं, काहींना फायद्याचंही असतं. माझ्यासारख्याला आतला ताण लगेच जाणवतो. ओट्स आणि बार्लीतलं जे विरघळणारं फायबर आहे, बीटा-ग्लुकन, त्याच्या साखळ्या लांब. पाण्यात त्या एकमेकींत गुंतून पाणी घट्ट करतात. घट्ट झालेलं अन्न पोटातून सावकाश पुढे सरकतं, आंबतंही तुलनेने सावकाश. इसबगोल याच्या पुढचं: जेल होतं आणि जिवाणूंना फारसं दादही देत नाही.

तेव्हापासून माझे प्रश्न दोनच. हे पाण्यात चिकट होतं का? आणि आत गेल्यावर किती भरभर आंबतं? 'विद्राव्य' हा शब्द मोठ्या अक्षरांत असला तरी मी आता तो वाचतच नाही.

आता ओट्स. हे प्रकरण लांबणार, कारण एकाच धान्याची चार-पाच रूपं बाजारात आहेत आणि पोट त्यांना चार-पाच वेगळी धान्यं समजतं.

रोल्ड ओट्स, म्हणजे मोठ्या चपट्या पाकळ्यांचे. यांना दहापैकी नऊ. ओट्सच्या दाण्यात चरबी इतर धान्यांपेक्षा जास्त असते आणि ती फोडणारं एंझाइमही दाण्यातच बसलेलं असतं. म्हणून सोललेला दाणा आधी वाफवतात, नाहीतर तो खवट होतो. म्हणजे पाकिटातले 'कच्चे' ओट्स पूर्ण कच्चे नसतातच. पाकीट उघडल्यावर पहिलं काम नाकाचं: सुक्या गवतासारखा, जरासा दाण्यासारखा वास आला पाहिजे. जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्याचा वास आला तर ते पाकीट पोटावर तपासायची गरज नाही.

शंभर ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये सुमारे १० ग्रॅम फायबर असतं, त्यातलं साधारण ४ ग्रॅम बीटा-ग्लुकन. म्हणजे माझ्या ४० ग्रॅमच्या वाटीतून दीड-पावणेदोन ग्रॅम मिळतं. पाकिटावरचं लाल हृदयाचं चित्र येतं ते दिवसाला ३ ग्रॅमच्या हिशोबावरून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या बाबतीत हा दावा छापायला परवानगी दिली, आणि तो कोलेस्टेरॉलचा आहे. हृदयाच्या चित्रावरून पोटाचा अंदाज बांधू नये. मी एकदा ३ ग्रॅम गाठायचेच या हट्टाने पहिल्याच आठवड्यात ७५ ग्रॅमवर गेलो होतो. हृदयाला काय वाटलं माहीत नाही, पण पोटाने दोन दिवस अबोला धरला.

माझी रीत अशी ठरली. पहिले चार दिवस फक्त दोन मोठे चमचे. ओट्स थंड पाण्यातच घालायचे आणि मग मंद आचेवर ठेवायचे. उकळत्या पाण्यात टाकले तर पाकळ्या सुट्या राहतात, थंडपासून सुरुवात केली तर दाटपणा धरतो, आणि मला तोच हवा असतो. एका मापाला अडीच मापं पाणी, आठ ते दहा मिनिटं, मधून मधून ढवळणं. चमचा पातेल्याच्या तळावरून ओढला की मागे वाट राहते आणि ती हळूहळू बुजते, तेव्हा उतरवायचं. चार-चार दिवसांनी एकेक चमचा वाढवत ४० ग्रॅमपर्यंत. पहिले दोन आठवडे दूध नाही, मध नाही, सुका मेवा नाही. दूध वाईट म्हणून नव्हे. दुधातल्या लॅक्टोजने केलेला गोंधळ ओट्सच्या खात्यावर चढतो आणि मग वहीतली नोंद वाया जाते. तसंच मधाचं, तसंच मनुकांचं.

निकाल: नवव्या-दहाव्या दिवसापासून सकाळची धावपळ थांबली. गॅस पूर्ण गेला नाही, पण आवाज बंद झाला. चव? ओल्या पुठ्ठ्याला मीठ लावल्यासारखी म्हणणारे लोक आहेत, त्यांच्याशी वाद नाही. दालचिनीची चिमूट घातली की पुठ्ठा जरा सुगंधी होतो.

स्टीलकटना आठ. यात दाणा चपटा करत नाहीत, पात्याने दोन-तीन तुकडे करतात. दाताखाली येतो, चव भरीव लागते, आणि साखर रक्तात सावकाश चढते म्हणून भूकही उशिरा लागते. प्रयोगाच्या दिवशी हे सोयीचं. पण शिजायला पंचवीस-तीस मिनिटं, पाणी एकाला चार, आणि कमी शिजलेले असतील तर माझ्या पोटाला ते लगेच कळतं. एकदा घाईत पंधरा मिनिटांवर उतरवले. मध्यंतराची घंटा व्हायच्या आत हिशोब चुकता. म्हणून एक गुण वेळेसाठी कापला, एक माझ्या उतावळेपणासाठी.

इन्स्टंट पाकिटं: पाच, तेही दयेने. पाकळी इतकी पातळ आणि आधीच इतकी शिजवलेली की गरम पाणी ओतलं की खळ तयार. फायबरचा आकडा रोल्डइतकाच असतो, त्यामुळे 'यात फायबर नाही' असं म्हणणं चूक आहे. पण पचन भरभर होतं, आणि नाजूक पोटांच्या आहारावर सगळ्यांत बारकाईने काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या तक्त्यातही झटपट ओट्सचं सुरक्षित माप रोल्डपेक्षा लहान दिलेलं आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे चवीची पाकिटं. साखर, दुधाची पावडर, सफरचंदाचे सुके तुकडे, आणि अधूनमधून आपलं ओळखीचं चिकोरी. बिनचवीचे साधे इन्स्टंट प्रवासात चालतील. चवीच्या पाकिटात तुम्ही नेमकं काय तपासताय हेच कळत नाही. मूसलीचं दुखणं तेच, फक्त आकाराने मोठं: गव्हाच्या पाकळ्या, खजूर, मनुका, आणि त्यांच्या गर्दीत कुठेतरी ओट्स.

रात्रभर भिजवून न शिजवता खायचे ओट्स मला सोसले नाहीत. बऱ्याच जणांना सोसतात. मी तीन वेळा केले, तिन्ही वेळा दुपारपर्यंत पोट टम्म. चौथ्यांदा तेच भिजवलेले ओट्स पाच मिनिटं शिजवून खाल्ले, काही झालं नाही. एवढीच नोंद.

ओट ब्रॅनबद्दल थोडं जपून बोलायला हवं, कारण नावात 'कोंडा' आहे म्हणून मी तो बरेच दिवस टाळला होता. गव्हाच्या कोंड्यात शंभराला चाळीसच्या वर फायबर, पण जवळजवळ सगळं न विरघळणारं. ओट्सचं तसं नाही. त्यात बीटा-ग्लुकन दाण्याच्या बाहेरच्या थरांत दाट असतं, त्यामुळे कोंडा वेगळा काढला की तेही त्याच्याबरोबर येतं. ओट ब्रॅन म्हणवून घ्यायला किमान साडेपाच टक्के बीटा-ग्लुकन लागतं आणि एकूण फायबरचा निदान तिसरा हिस्सा विरघळणारा असावा लागतो. नाव एक, जात वेगळी. मी तो स्वतंत्र खात नाही, रोल्डच्या वाटीत शिजतानाच एक मोठा चमचा टाकतो. दोन टाकले तर जड होतं. सात गुण, कारण चमचाभर जादा पडला तर माफी नाही.

ओट्सची एक मर्यादा कोणी सांगत नाही. पेल्यात दिसलेलं ते जेल मोठ्या आतड्यात शेवटपर्यंत टिकत नाही; वाटेत जिवाणू ते खाऊन संपवतात. म्हणून ओट्स पोटाला शांत ठेवतात, पण ज्याचा मुख्य त्रास बद्धकोष्ठाचा आहे त्याला नुसत्या ओट्सने मोकळं वाटेलच असं नाही. माझा त्रास आलटून-पालटून दोन्ही बाजूंचा. सैल दिवसांत ओट्स उत्तम, घट्ट दिवसांत अपुरे. तिथे इसबगोल लागतं. ते धान्य नाही, बीचं टरफल आहे, पण तुलनेला ठेवावंच लागतं, कारण त्याचं जेल शेवटपर्यंत टिकतं: घट्ट असेल ते मऊ करतं, सैल असेल ते धरून ठेवतं. फक्त भरपूर पाण्याबरोबर, कोरडं कधीही तोंडात टाकायचं नाही, घशात फुगून अडकू शकतं. औषधं चालू असतील तर त्यांच्यात आणि इसबगोलमध्ये दोनेक तासांचं अंतर.

बार्लीकडे मी मोठ्या आशेने गेलो होतो. कागदावर ती ओट्सना मागे टाकते. साधारणपणे धान्य पॉलिश केलं की फायबर गेलं, असंच आपण धरून चालतो. बार्ली त्याला अपवाद आहे: तिचं बीटा-ग्लुकन फक्त सालाजवळ नसतं, दाण्याच्या गाभ्यापर्यंत पसरलेलं असतं. त्यामुळे घासून पांढरी केलेली पर्ल बार्लीसुद्धा शंभर ग्रॅमला १५ ग्रॅमच्या आसपास फायबर राखून असते. शिजवताना ते दिसतंही. चाळीस मिनिटं मंद आचेवर ठेवलेल्या पातेल्यात दाणे मोत्यासारखे फुगतात आणि भोवतालचं पाणी रेशमी होतं. खायला गुबगुबीत, किंचित गोडसर. चवीत बार्लीने ओट्सना धूळ चारली.

आणि पोटात मला. वाटीभर खाल्लेल्या तिन्ही दिवशी संध्याकाळी गॅस. कारण बीटा-ग्लुकनच्या जोडीला तिच्यात फ्रुक्टान्सही आहेत, इन्युलिनच्याच घराण्यातले. चिकट आणि सौम्य पाहुण्याबरोबर त्याचा दंगेखोर भाऊ आला. प्रमाण कमी केलं, दोन-तीन मोठे चमचे शिजवलेली बार्ली भाज्यांच्या सूपमध्ये, तेव्हा जमलं. सहा गुण. ज्यांना फ्रुक्टान्सची अडचण नाही त्यांनी यात दोन मिळवावेत. बार्लीचं गाळलेलं पाणी पिणाऱ्यांसाठी एक सूचना: पाण्यात थोडं बीटा-ग्लुकन उतरतं, पण बरंचसं तुम्ही गाळणीत ठेवून टाकून देता. आणि बार्लीत ग्लुटेन आहे. सीलिएक असेल तर तिचा विषय तिथेच संपतो. ओट्समध्ये गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात, गिरणीत, गोदामात गव्हाची सरमिसळ होते. सीलिएकच्या लोकांनी ग्लुटेनमुक्त म्हणून प्रमाणित केलेलेच घ्यावेत आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण मोजक्या काही जणांना ओट्सही सोसत नाहीत.

राय नावाच्या, गव्हासारख्या धान्याचा पाव मी दोन दिवस खाल्ला. फायबर भरपूर, फ्रुक्टान्स त्याहून भरपूर. नोंद संपली. गव्हाच्या सावकाश आंबवलेल्या सावरडो पावाने मात्र सुखद धक्का दिला, कारण तासन् तास आंबताना त्यातले बरेच फ्रुक्टान्स पिठातच खाल्ले जातात. तरी त्याला विरघळणाऱ्या फायबरसाठी खाण्यात अर्थ नाही, पाव हवा म्हणून खावा. किनोआ नीट धुतला नाही तर वरच्या सॅपोनिनमुळे कडू लागतो, धुतला तर बरा लागतो, आणि त्याचं बहुतेक फायबर न विरघळणारं. माझं त्याच्याशी भांडण नाही, पण या स्पर्धेत तो चुकून आला.

तांदळाबद्दलचा गैरसमज मी स्वतः वर्षभर बाळगला होता. मऊ भाताने पोट शांत होतं, म्हणून भातात विरघळणारं फायबर असणार. नाही. पांढऱ्या तांदळात फायबरच नाममात्र, शंभर ग्रॅमला एक-दीड ग्रॅम. तो सौम्य आहे तो वेगळ्या कारणाने: त्याचा स्टार्च जवळजवळ सगळा लहान आतड्यातच पचतो, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पानात काही पडत नाही, म्हणून गॅस नाही. वाईट दिवशी मी भातच खातो आणि निवांत असतो. पण फक्त त्याच्यावर पंधरा दिवस काढले तेव्हा पोट शांत होऊन पार झोपूनच गेलं होतं, चार-चार दिवस. आता वाईट दिवसात भात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातच शिजवताना दोन चमचे ओट्स, अशी परतीची वाट ठरवली आहे. शिळा भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो. काहींना तो लाभतो, मला ताजा बरा. उरलाच तर लगेच फ्रिजमध्ये, तासन् तास बाहेर ठेवलेला भात चिडक्या पोटालाच काय, कुठल्याही पोटाला धोक्याचा.

पाकीट विकत घेताना मी आता समोरची बाजू बघतच नाही. मागे उलटवतो. घटकांची यादी एका ओळीची असेल तर टोपलीत. यादीत चिकोरी, इन्युलिन, ऑलिगोफ्रुक्टोज, किंवा सॉर्बिटॉल-माल्टिटॉलसारखा 'ऑल'ने संपणारा गोडवा दिसला तर परत फळीवर. 'बहुधान्य' लिहिलेलं असेल तर त्यातल्या कुठल्या धान्याने दगा दिला ते मला कधीच कळणार नाही, म्हणून तेही नको.

ताईला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला कोंडाच चालला, ओट्सचा." तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर आहे, त्यामुळे मी विषय बदलला.

एक मात्र स्पष्ट लिहितो, कारण वाचणाऱ्यांत कोणाला माझ्यासारखंच वाटत असेल आणि दुखणं वेगळं असेल. शौचातून रक्त, कारणाशिवाय वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदललेली पोटाची सवय, यातलं काहीही असेल तर ओट्सचं पाकीट ठेवा बाजूला आणि आधी डॉक्टरांकडे जा.

परवाचा प्रयोग दोन अंकी होता. दुपारी चार वाजता चाळीस ग्रॅम रोल्ड, त्यात चमचाभर ओट ब्रॅन, वरून अर्धं पिकलेलं केळं. पत्राचा क्यू बारा सेकंदांत चढला, मी मोजला. तेवीस पावलांची गरज पडली नाही.

रोल्ड ओट्सचा तो दहावा गुण कुठे गेला ते राहिलं. पातेल्यात. बीटा-ग्लुकन आतड्याच्या आधी पातेल्याच्या तळाशी जेल धरतं, आणि पंधरा मिनिटं तसंच राहिलं तर त्यावर काथ्या चालत नाही, नख चालत नाही. गरम पाण्याने तर ते आणखीच बसतं. खाऊन झाल्याझाल्या गार पाणी भरून ठेवायचं. आमच्या घरी हे पातेलं घासायचं काम माझ्याकडे आहे, आणि परवा रात्री प्रयोगाहून आलो तेव्हा ते दुपारपासून तसंच वाट बघत बसलं होतं.